उणे अठ्ठावन्न कोटी

यल्लप्पा कोंडाबत्तिनी सायकलच्या कॅरिअरवर
कॉम्प्युटर घेऊन आले, चादरीत गुंडाळून.
चादर त्यांच्याच कारखान्याची, मोराची.
म्हणाले, "ह्याला येड लागलंय ओ.
रात्री बंद केला की सकाळी
सन दोन हजार दोन, जानेवारी एक.
टॉवेलांची तीन बिलं तशीच गेली.
पार्टी म्हणती, बावीस वर्षांची उधारी आमच्याकडं नाही."

अशोक चौकातल्या माझ्या दुकानात
मी झाकण उघडलं. आत सुताची धूळ,
पंख्याला पाती आहेत हे विसरावं इतकी.
आणि कोपऱ्यात तो सेल,
नाण्याएवढा, पार मेलेला.

सांगितलं: वीज गेली तरी हा जागा असतो.
बाकी सगळं झोपतं, हा एकटा मोजत बसतो
गिरणीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखा.
मशीन उठलं की आधी यालाच विचारतं, किती वाजले?
मग नेट असलं तर लांबच्या कुणा पक्क्या घड्याळाशी
ताळा करून घेतं. चार-दोन सेकंदांची चूक असली
तर उडी मारत नाही. सेकंदच जरा ताणतं,
ताणा सैल पडल्यावर तुम्ही घेता तसं, हळू.

हे त्यांना पटलं.
"पण मोजतं कुठनं?"

माझ्या मशीनवर दाखवलं.
एकोणीसशे सत्तर, जानेवारीची पहिली,
ग्रिनिचच्या रेघेवर मध्यरात्र. तिथून नुसते सेकंद.
ना वार, ना तिथी, ना अमावस्या,
एकच आकडा, वाढत चाललेला.
आपल्यापुरते साडेपाच तास
दाखवताना तेवढे मिळवायचे.
गाव यादीतून निवडायचं. यादीत सोलापूर नाही.
मी कोलकाता निवडतो.
कोंडीपासून कुंभारीपर्यंत आपण सगळे
कोलकात्याच्या नावावर.

"म्हंजे त्या शून्याला हितं पहाटेचे साडेपाच."
हिशोब त्यांनीच केला, बोटांच्या पेरांवर.
मग बराच वेळ गप्प.
"मी उठलेलो होतो की. साडेअठरा वर्षांचा.
अम्मा चुलीपुढं. मी पायरीवर बसून
चपलेचा अंगठा सुतळीनं बांधत होतो.
त्या टायमाला सुरू झालं म्हणा हे?"
गुरुवार होता, मी म्हणालो, मशीनला विचारून.
"असंल. थंडी लई होती."

मला राहवलं नाही, जन्मतारीख विचारली.
एक जून एक्कावन्न, मास्तरांनी लावलेली.
टाकली. उत्तर आलं:
उणे अठ्ठावन्न कोटी पासष्ट लाख
एकोणनव्वद हजार चारशे.
"उणे? म्हंजे माझ्याकडं निघतंय?"
खातेवहीत तसंच असतं, त्यांचं चुकलं नव्हतं.
"कुणाचं?"
मला सांगता आलं नाही.

नवा सेल बसवला. चाळीस रुपये.
वेळ लावताना त्यांनी मनगट पुढं केलं:
चावीचं घड्याळ, काचेवर चरे, पाच मिनिटं पुढे.
जुळवून देऊ का?
"नको. भोंगा संपला की फाटक लावायचे.
तवापासनं हे पुढंच."
फाटक जाऊन किती वर्षं झाली, मी विचारलं नाही.
यादी उगाच एकदा वरखाली केली.

मोर आतल्या अंगाला घेऊन
त्यांनी मशीन चादरीत बांधलं,
मेलेला सेल खिशात टाकला
आणि पाच मिनिटं आधीच निघाले.