अकरावा सेकंद

आरेया ब्रांकाच्या मिठागरात बाबा
पाण्याच्या कडेला साचलेली तपकिरी साय
गोळा करत, धूत, चाळत, वाळवत.
दिसायला धूळच.
पण कणाकणात दुमडून झोपलेला एकेक जीव,
वर्षानुवर्षं कोरडा.
खारं पाणी मिळालं की उठतो.

त्यातलीच चिमूट मी
मोसोरोच्या प्रयोगशाळेत उठवते.
दीड दिवसात पाणी वळवळायला लागतं.
एकच डोळा, टाचणीच्या टोकाहून बारीक अंग,
आणि उजेड दिसेल तिकडे धाव.
दिव्यापाशी जमले की पिपेटने उचलायचे,
दहा दहा, एकेका नळीत.

मग तेल.
आलेक्रिं-पिमेंताची पानं चुरगळली
की ओव्यासारखा वास सुटतो,
आई त्याचा काढा खोकल्यावर देते.
लिन्दोमारला त्यात खोकला दिसत नाही.
त्याला दिसतात दहा कार्बन, एक कडं,
आणि कड्याला लटकलेला ऑक्सिजन.
इथे लटकला तर थायमॉल,
पलीकडे लटकला तर कार्व्हाक्रॉल.
"घर बदललं की स्वभाव बदलतो," तो सांगतो,
शेजाऱ्यांबद्दल सांगावं तसं.

रेणूला चरबीची ओढ किती, पाण्याचा कंटाळा किती,
बांधा कसा, बाक कुठे,
हे सगळं समीकरणात टाकायचं,
आणि खालून आकडा पडतो:
इतक्या तेलात निम्मे मरतील.
निम्मे. अर्धा किलो कांदे मागावेत तसं म्हणतो तो.

"एकदा हे जमलं ना, वाल्देनिया,
की पुढच्या तेलाला एकही जीव लागणार नाही.
कागदावरच कळेल."
खरं आहे.
त्यासाठी आधी साडेचार हजार लागले.
ते मी मोजले.

नियम असा: भिंगाखाली दहा सेकंद बघायचं.
हालला नाही तर मेला.
नियम चांगला आहे,
नियम नसता तर मी अजून पहिल्याच नळीशी असते.

मार्चमध्ये युजेनॉल आलं. लवंगेचं.
नळी उघडली की दातांचा दवाखाना.
समीकरण म्हणालं, बहुतेक जगतील.
माझी वही म्हणाली, सगळे मेले.
आलेखावरचा तो एक ठिपका
रेषा सोडून लांब बसला,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
लिन्दोमारने संगणक तपासला, मग तराजू तपासला,
मग काही न बोलता माझ्याकडे बघितलं.

त्या रात्री मी थांबले.
पहाऱ्यावरच्या दोर्झिव्हालने कॉफी आणून दिली,
त्यालाही एकदा भिंगातून बघू दिलं.
"मेलेत की," तो म्हणाला.
आठ. नऊ. दहा.
नेहमी इथे मी पेन उचलते.
अकराव्याला एकाचा पाय हलला.
केसाएवढा. मग पुन्हा काही नाही.
तिसाव्यापर्यंत आणखी दोघांचा.

बाबांची दाढ काढली होती तेव्हा
दुपारभर त्यांचा ओठ त्यांचा नव्हता.
पाणी प्यायला गेले की हनुवटीवरून ओघळायचं,
आणि ते हसायचे, अर्ध्याच तोंडाने.

वहीत दोनच रकाने आहेत.
जिवंत. मृत.
सुन्न असा रकाना कोणी आखलेला नाही.

बाबांना कधी विचारलं असतं
की ही धूळ मेलेली आहे की झोपलेली,
तर त्यांनी उत्तर दिलं नसतं,
पाणी घालून बघितलं असतं.
मी पाणी बदललं. स्वच्छ, खारं.
दिवा लावून ठेवला, एका बाजूलाच,
आणि टेबलावर डोकं टेकून झोपले.

सकाळी सहा जण दिव्याशी होते.
चार तळाशी होते, आणि तळाशीच राहिले.

लिन्दोमारने ठिपका खोडला, नवा काढला.
रेषेजवळ आला तो, पण रेषेवर नाही.
"अजून काहीतरी आहे," तो पुटपुटला,
जरा आनंदानेच.

मी जुन्या वह्या कपाटातून खाली काढल्या.
साडेचार हजार.
प्रत्येकाला दहा सेकंद.