कारणाचा रकाना

सप्टेंबरात शंभर किलोमीटरला अडतीस लिटर,
जानेवारीत छप्पन्न.
मधले अठरा कुठे गेले
हे विचारायचा मला पगार मिळतो.

खांदिगाच्या डेपोत खिडकीला तिहेरी काच,
तरी आतून बर्फाची बोटं.
द्युलुस्तान टेबलावर पावत्या ठेवतो
आणि हातमोजे न काढताच सुरू होतो:

हवाच जड होते, आइता पेत्रोव्हना.
उणे एकावन्नला ती आपणहून बाजूला होत नाही,
ढकलावी लागते.
एक्सलमधल्या तेलाची काकवी होते.
रात्रभर उभे राहिलेले टायर तळाशी चपटे,
पहिले दहा किलोमीटर गाडी लंगडते
चौकोनी चाकांवर.
आणि तुमचं ते हिवाळी डिझेल,
गोठू नये म्हणून पातळ केलेलं,
पाहुण्याला कंटाळलेल्या घरच्या चहासारखं:
पोटात जातं, अंगात येत नाही.
इंजिन बंद करू म्हणता?
बंद केलं, की मेपर्यंत ते नुसतं लोखंड.

हे सगळं मी उतरवून घेते.
कोष्टकात बसतं.
बसत नाहीत ते नऊ तारखेचे त्रेसष्ट लिटर.
त्या रात्री गाडी वीतभरही हललेली नाही.

तो टोपीचे कान खाली करतो, वर करतो.
थंडी होती, म्हणतो.
थंडी रोजच असते, मी म्हणते,
आणि त्रेसष्ट लिटर त्याच्या पगारातून वळते करते.

तीन आठवड्यांनी कॅन्टीनमध्ये, सूपच्या रांगेत,
भलत्याच कुणाकडून कळलं:
खिंडीच्या अलीकडे एक जुनी जीप, फुटलेला रेडिएटर,
एक बाई, तिचा दमेकरी सासरा,
आणि एक शाळकरी मुलगा, ज्याने केबिनमधली सगळी बिस्किटं संपवली.
दुसरी गाडी येईस्तोवर अठरा तास.
हीटर पूर्ण.
द्युलुस्तान स्टिअरिंगवर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपला.

अठरा तास, तासाला साडेतीन लिटर.
मी हातात वाडगा धरून गुणाकार केला.
चोख जुळला.
सूप निवलं.

छापील फॉर्मवर कारणाचा रकाना
दोन बोटं रुंद आहे.
‘थंडी’ त्यात बरोबर मावतं,
त्याला ते ठाऊक होतं.

संध्याकाळी आवारात अकरा ट्रक उभे,
जागच्या जागी धुगधुगत,
कुठेही न जाता जळत.
मी त्यांच्यामधून चालत गेले,
हातमोजे काढून
एकेका बोनेटवर हात ठेवत.