वेढे मोजताना

सजाच्या भंगारवाडीत दुपारी दोननंतर
चुंबक हलका पडतो.
सकाळी जो अख्खं इंजिन उचलतो, गिअरबॉक्ससकट,
तो आता दारं आणि बंपर घेऊन वर जातो
आणि त्यातलंही एखादं वाटेत सांडतो.
क्रेनवरून गुलजमान ओरडतो,
"वाइंडर, तेरा बच्चा थक गया!"

दमत नाही तो. तापतो.
तांबं तापलं की वाट अडवतं,
वीज कमी जाते, ओढ कमी होते.
मालकाला हे तीनदा सांगून झालं.
तो म्हणतो, वेढे वाढव.
सगळेच म्हणतात, वेढे वाढव.

रात्री घरी, मुवैलेहच्या दोन खोल्यांत,
नौशीन खिळ्याला तार गुंडाळत बसलेली.
शाळेचा प्रयोग. चार इंची खिळा, एक सेल,
आईच्या डब्यातल्या टाचण्या,
मी आणलेलं रिळाचं उरलंसुरलं शेपूट.
टोकांचं एनॅमल खरवडायचं राहिलं,
म्हणून पहिला अर्धा तास काहीच चिकटलं नाही
आणि तिने खिळ्याला दोष दिला.
मी बोललो नाही. चहा प्यायलो.
मग तिचं तिलाच दिसलं.

वीस वेढे: सहा टाचण्या.
चाळीस: अकरा.
साठ: पंधरा. सोळावी लोंबली, पडली.
वहीत तिने साडेपंधरा लिहिलं.
मग दोनशे, बारीक तारेचे, थरावर थर,
जीभ दातांत धरून –
नऊ.

"असं कसं, अब्बा?"
चेहरा अगदी मालकासारखा.

दोन्ही तारा तिच्या बोटांत दिल्या.
ही बारीक, ही बोळ. ही जाड, हा रस्ता.
लांबच लांब बोळातून माणसं येणार किती?
वेढे हवेतच, पण येणाऱ्याला जागाही हवी.
तिने जाड तार घेतली. एकशे वीस.
एका सेलच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड.
एकतीस! आणि बोट भाजलं,
आणि भाजलेलं बोट तोंडात घालून ती हसली.
आई आतून म्हणाली, उद्या माझ्या ओढणीला
टाचणी कोण शोधून देणार?

दुकानात हिंदी चालते, थोडी अरबी, बरीचशी मल्याळी.
वेढे मात्र मी मराठीत मोजतो.
तीनशे एकोणपन्नास, तीनशे पन्नास,
दापोलीच्या शाळेतल्या पाढ्यांच्या चालीवर
रिळ फिरत राहतं.
मध्येच कुणी हाक मारली
तर सगळं उलगडून पुन्हा एक.
दोन वर्षांसाठी आलो होतो.
कुणीतरी हाक मारली असणार.

सेल काढला. टाचण्या पडल्या. एक राहिली.
नौशीनने खिळा झटकला, फुंकर मारली. राहिलीच.
"वीज तर नाही आता!"
गुलजमानकडे याचं बटण आहे, मी म्हटलं.
नुसतं बंद करून भागत नाही,
पत्र्याचे तुकडे, साखळ्या तळाला धरून बसतात.
सोडवायला तो क्षणभर उलटी वीज देतो.
"क्षणभर म्हणजे किती?"
हाताला कळतं.

तिने सेल फिरवले, तार टेकवली.
टाचणी बशीत पडली, अगदी बारीक वाजून.
तिला ते इतकं आवडलं
की तार तिने टेकवूनच ठेवली,
खिळा बशीवर तसाच,
आणि खिळ्याने तीच टाचणी
पुन्हा उचलून घेतली.