मोकळा खिळा

कार्डावर छापलंय : सौ. शशिकांत हरी मुळीक.
संयोजक बाईंनी जीभ चावली,
"अहो, दरवर्षी सगळ्या बायकाच असतात,
यादीत सौ. आधीच टाइप केलेलं."
असू दे म्हटलं. पेनानं खोडलं नाही.

दसरा चौक, शाहू स्मारकचा हॉल,
तीन दिवस, दहा ते आठ.
माझ्या वाट्याला खिडकीकडची भिंत
आणि एक डुगडुगणारं टेबल.
सहा वाकळा.
त्यांना नावं देत नाही, नंबर घालतो.
एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर
जॉबला नंबरच असायचा.

एक नंबर : बॉयलर सूट.
माझा, आणि रिटायर झालेल्या दोन गड्यांचे.
ग्रीसचा जो डाग निघेना
तो मुद्दाम मधोमध घेतला.
बायको म्हणाली, याला आता फूल म्हणायचं का?

दोन नंबर : इचलकरंजीच्या मागावरच्या चिंध्या,
किलोवर आणलेल्या.
टाका न् टाका व्हर्नियर लावून बघितलेला.
फार सरळ आलीय. आता बघवत नाही.

तीन नंबर : तालमीच्या मंडळाचं मांडवाचं कापड.
भगवं जिथं विटून पिवळं पडलंय
तिथनं उजेड येतोय असं लोकांना वाटतं.
ते मी केलेलं नाही. उन्हानं केलंय.

मग एक मोकळा खिळा.

मग पाच, सहा, सात.

"काका, ती जागा बोडकी दिसतीय,
पाच नंबर अलीकडं सरकवा की."
नाही म्हटलं.
कॉलेजच्या पोरी फोटो काढून गेल्या.
राजारामपुरीतला एक डॉक्टर
सात नंबर मागत होता, काचेत घालून भिंतीला लावायला.
एकानं विचारलं, मिसेसनी केल्यात?
मिसेस स्टुलावर शेंगा फोडत बसलेल्या, म्हणाल्या,
"मी बटण लावायचं तरी ह्यांनाच सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी, लाईट गेलेली,
तानूबाई आल्या, मुरगूडच्या.
दारोदार वाकळा शिवून देतात, पोट त्यावर.
'कृपया हात लावू नये' ही पाटी
त्यांच्या कोपराला लागून खाली पडली.
त्यांनी दोन नंबरचं टोक धरलं
आणि उलटं केलं.
मागच्या गाठी एकेक करून बघितल्या.
परीक्षकांनीसुद्धा मागं बघितलं नव्हतं.
मग नाकाला लावून वास घेतला.
"हिच्यात कोण निजलंय?"
कुणी नाही.
"हिच्यात?"
नाही.
"मग शिवून झाली म्हणता कशी?"

मी खिळ्याकडं बोट केलं.

एकोणीसच्या पुरात
आमच्या गल्लीमागच्या शाळेत माणसं आणून ठेवलेली.
चार नंबरचा एक काठ राहिला होता,
सुई तशीच लोंबत.
सुई काढली, दोरा दातानं तोडला,
चिखलीच्या एका बाळंतिणीला दिली.
पाणी उतरलं, शाळा धुतली,
वाकळ आली नाही.
मी विचारायला गेलो नाही.
गेलो होतो एकदा. गावच्या कमानीतनं परत आलो.

"कशाची होती?"
खिशांची. जुन्या शर्टांचे नुसते खिसे, बेचाळीस.
"तोंडं शिवलेली?"
नाही, उघडी ठेवलेली.
तानूबाई पहिल्यांदा हसल्या.
"मग त्या पोराचं सगळं बिऱ्हाड असंल त्यात.
गोट्या, चिंचोके, अर्धी बिस्किटं."
आणि पाटी उचलून
होती तिथं ठेवली, उलटी.

तिसऱ्या दिवशी उत्तेजनार्थ मिळालं.
सर्टिफिकेटवरही सौ.
आठला खिळे काढले, पाच वाकळा पिशव्यांत घातल्या.
स्कूटरला किक मारली तेव्हा गार वारं सुटलं होतं.
दोन नंबर तिच्या अंगावर टाकली,
उरलेली माझ्या पाठीवर आली.
बिंदू चौकातनं वळताना
एक टोक मागच्या चाकाकडं जायला लागलं.
धर म्हटलं, ओढून धर.
"धरलंय," ती म्हणाली,
"तुम्ही पुढं बघा."