बरगे

पहाटे पाच बावन्नला पहिला फोन, खेरीवड्याहून.
"मॅडम, मशीन नुस्तं घुमतंय.
बायका बारड्या घिऊन हुब्या हाईत."
मग साळशीचा. मग एकदम सहा.
शिरोलीत संघाच्या ऑफिसात एसीचा गारठा, माझी शाल
आणि पडद्यावर एकच तक्रार:
जोडण्या फार झाल्या.

सर्व्हर मेला नव्हता.
आत बसला होता
एकशे एक्कावन्न जणांना घेऊन, कडी लावून.

एकशे एक्कावन्न.
कुठल्याशा परदेशी माणसानं ठरवलेला हा आकडा
मला कायम आहेराच्या पाकिटासारखा वाटत आलाय,
दीडशे, आणि वर चिकटवलेला रुपया.
त्याच्याही वर एक जागा असते, गणतीत न धरलेली,
सगळं तुंबल्यावर दुरुस्तीला येणाऱ्यासाठी.
तिथून मी आत शिरले.

निम्मे झोपले होते.
फॅट लागून, पावती फाटून रात्र उलटली,
तरी जागा धरून.
एकट्या खेरीवड्याचे एकोणीस.
तिथं आडनाईकांची सून मशीन बघते.
अडकलं की बंद करते, चालू करते,
दर वेळी नवं दार उघडते
आणि जुनं नुसतं लोटून ठेवते.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
कुणी म्हणजे मीच.

फाइल उघडली. १५१ खोडलं, ५०० लिहिलं.
ऐन संकलनात सर्व्हर बंद केला.
चाळीस सेकंद
अकराशे गावांतलं दूध
कुणाच्याच नावावर नव्हतं.

चालू झाल्यावर विचारलं, किती?
दोनशे चौदा.
अरे, पाचशे लिहिलंय.
दोनशे चौदा.

अण्णा पाटबंधाऱ्यात होते.
पंचगंगेच्या बंधाऱ्यावर बरगे घालायचे, काढायचे,
तळव्यांना डांबराचा वास असायचा.
जेवताना म्हणायचे,
"पाणी चढलं म्हणून बरगे ओढत सुटायचं न्हाई, उर्मे.
खालचा बंधारा किती सोसतोय, ते आधी इचार."
मी तेव्हा भाकरीत रस्सा कालवत होते.
ऐकलं असेन, नसेन.

खालचा बंधारा.
सर्व्हरच्याही बुडाशी एक यंत्रणा,
एका वेळी किती फायली उघड्या ठेवू देईन
याचा तिचा स्वतःचा हिशेब,
आणि माझ्या ५००कडे ती ढुंकूनही बघत नव्हती.
तिची मर्यादा वाढवली.

मग कॅलेंडरच्या मागल्या बाजूला पेन्सिलीनं मांडलं:
प्रत्येक जोडणी झोपली तरी थोडी मेमरी खाते,
जागी झाली की फार.
पाचशे एकदम जागे झाले, तर संध्याकाळच्या दुधाला
सर्व्हरच आडवा.
५०० खोडलं. ३००.
हात आखडतो तेव्हा
आकडा जरा नीट निघतो, असं वाटलं.
पुन्हा बंद. पुन्हा चालू.
किती?
तीनशे.

सहा एकतीस. खेरीवड्याची पहिली ओळ:
म्हैस, चार लिटर सहाशे, फॅट सहा पॉइंट आठ.
मग ओळींवर ओळी.
मी शाल काढली.

आठला अण्णांचा फोन, रोजच्यासारखा.
सांगितलं सगळं, त्यांना कळेल तसं.
"किती काढलेस?"
"दीडशेला एक कमी."
"आणि खालचं?"
"खालचं नंतर कळलं."
"कळलं न्हवं?" म्हणाले. "च्या घे मग."

घेतला.
आता संध्याकाळच्या आत खेरीवड्याला फोन करायचाय,
दार लावायचं कसं ते सांगायला.
नंबर आहे, संस्थेचा कोड आहे,
मशीन कधी घेतलं त्याची तारीख आहे.
आडनाईकांच्या सुनेचं नाव
कुठंच लिहिलेलं नाही.