पापणी

रॉटरडॅमच्या दक्षिणेला, नदीपलीकडे,
वाचनालयाच्या मागच्या खोलीत
आम्ही सहा जण, चार कात्र्या
आणि एका फ्रिजचं रिकामं खोकं.

मी म्हटलं, तुमच्या कोपऱ्यावर
पोलिसांनी खांबाला जे टांगलंय ना,
ते करून दाखवा. जसं आठवेल तसं.
आमच्या धंद्यात याला संशोधनपद्धती म्हणतात.
क्रोमोसूतो आजोबा म्हणाले, बालवाडी.

बत्तीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस.
त्यांनी बशीएवढा डोळा कापला
आणि त्याला पापणी लावली.
"मिटता यायला हवा. झोप कुणाला चुकलीय?"

ओर्सिनने डोळा केलाच नाही.
तिने वायर केली, सुतळीची,
टेबलावरून खाली, दाराबाहेर, जिन्यापर्यंत.
सुतळी संपली तेव्हा
टोक माझ्या हातात देऊन म्हणाली,
"पुढे कुठे जाते, ते तू सांग."

मला माहीत नव्हतं.
मी विचारलं होतं. उत्तर आलं होतं,
चार पानी, अतिशय सभ्य,
आणि त्यात हे सोडून सगळं होतं.

मग नकाशा. लाल दोरा, जाड सुई.
रोजची वाट शिवा, म्हटलं.
बेकरी ते शाळा, शाळा ते मशीद, दवाखाना, घर.
खांबाजवळ आला की प्रत्येक दोरा वळायचा,
ओढ्याचं पाणी धोंड्याला वळतं तसा.
कुणी ठरवून नाही.

सुफियान सोळा वर्षांचा.
त्याने दोन तास काहीच केलं नाही.
निघताना मात्र दाराशी अडखळला.
शेल्फवर आजोबांचा डोळा वाळत ठेवलेला,
गोंद ओला, पापणी अर्धवट खाली.
त्याच्यासमोरून जाताना सुफियानने
स्वेटशर्टची टोपी मागे सारली,
हात खिशांतून बाहेर काढले,
चाल हळू केली, चेहरा पुरता दाखवला.
पुठ्ठ्याला.
मग त्याचं त्यालाच हसू आलं.
आम्ही कुणी हसलो नाही.

अहवालाला रकाने आहेत:
सहभागी, साहित्य, खर्च, निष्कर्ष.
ते दोन रिकामे हात
मी कुठल्या रकान्यात लिहू?
डोळ्यात तेल घालून बसलेल्या त्या खांबाला
एवढंच दिसत असणार:
मुलगा गेला, काही केलं नाही.
काही न करायला
किती मेहनत पडते ती दिसत नसणार.

सुतळीचं टोक अजून माझ्या कोटात आहे.
रात्री किल्ली शोधताना
आधी तेच हाताला लागतं.