हजाराला वीस

कुताइसीच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथला हीटर फक्त खिडकीला ऊब देतो,
एतेरी मॅडम फळ्यावर लिहितात: उंबरठा.
खडू ओला. अक्षर उमटत नाही.
पुन्हा लिहितात.

उंबरठा म्हणजे, त्या सांगतात,
जिथं काहीच नाही, तिथं काहीतरी आहेसं होतं.
बादलीभर पाण्यात साखरेचा कितवा चमचा
जिभेला खरा वाटतो, ते.
मागून मालखाज विचारतो, परीक्षेला येतं का?
येतं.
मग सगळे लिहून घेतात.

आमच्या वर्गात एक त्सिआलाबाई आहेत.
वय बावन्न. पहाटे तीनपासून
रिओनीच्या पुलापलीकडं भट्टीवर,
विहिरीसारख्या खोल त्या तोंडात कमरेपर्यंत वाकून
आतल्या भिंतीवर पाव थापत.
दुपारी दोनला आमच्या बाकावर.
भुवया करपलेल्या, वहीला पीठ.
‘अवधान’ या धड्याला त्या सरळ झोपल्या.
मॅडमनी उठवलं नाही. म्हणाल्या,
हे याच धड्याचं उदाहरण आहे, लिहा.

मंगळवारी प्रात्यक्षिक.
डोळ्यांवर पट्टी, तळहातांवर दोन डब्या,
डब्यांत शिशाचे छर्रे. जड कुठली?
शंभर आणि एकशे दोन, मालखाज अडखळला.
मला तर पाचही कळले नाहीत.
त्सिआलाबाई: डावी. उजवी. उजवी. सारख्याच.
मॅडम एकेक छर्रा काढत गेल्या.
एका ग्रॅमचा फरक. मग अर्ध्याचा.
बाईंचा अंगठा जरासा हले
आणि उत्तर बरोबर.
एकदा म्हणाल्या, हिचं झाकण दुसऱ्या डबीचं आहे.
होतंही.

तीस वर्षं कणकेचा गोळा तोडते, त्या म्हणाल्या,
गिऱ्हाईक काट्यापेक्षा वाईट असतं.

मग नियम, त्याच ओल्या खडूनं:
हातात जितकं जास्त,
तितकी जास्त भर लागते, भर पडली हे कळायला.
शंभराला दोन पुरतात.
हजाराला वीस.
मी उतरवलं. खाली दोन रेघा.

बाईंनी पट्टी कपाळावर सरकवली होती.
मॅडम, आणि काढून घेतलं तर?
म्हणजे?
म्हणजे हजार असले, आणि कुणी दहा उचलून नेले,
तर हलकं वाटायचंच नाही?
नाही, मॅडम म्हणाल्या. तोच नियम.
हं, बाई म्हणाल्या,
आणि एका डबीचं झाकण लावत बसल्या
जे लागलेलंच होतं.

जिन्यात, मी काही विचारलं नसताना:
पोरगा पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
महिन्याच्या महिन्याला पैसे धाडतो.
मी म्हणते, बाळा, पोचले, बरं वाटलं.
त्याला माझ्या आवाजावरून कळतं, वाटलेलं नाही.
भांडतो. म्हणतो, तू लपवतेस काहीतरी.
आता त्याला वहीचा फोटो पाठवते.

पुढच्या आठवड्यात विस्मरण.
निरर्थक अक्षरांची यादी घोकायची होती:
झुव, केप, रोश, मिड.
मालखाजनं त्यांची फुटबॉल टीम केली,
झुव गोलकीपर. सगळी पाठ.
मॅडम चिडल्या, अर्थ लावायचा नव्हता!
पण आपोआप लागतो, तो म्हणाला,
आणि हेही त्यांना फळ्यावर लिहावं लागलं.

त्या संध्याकाळी मिनीबसनं त्सकाल्तुबोला घरी आलो.
आई फाटकाशी होती, चार पिशव्या घेऊन.
नियम तपासावा म्हणून
मी एक हळूच काढून घेतली, कोथिंबिरीची.
ती शेजारणीशी बोलतच राहिली.
मग अक्रोडांची. तरीही बोलतच.
मग बटाट्यांची काढली, पाच किलोची.
तेव्हा ती थांबली. रिकाम्या हाताकडं पाहिलं,
मग माझ्याकडं.
म्हणाली, किती पैसे हवेत?